धावत्या गाडीपुढचे रूळ

अपयशाविषयी बोलणे आपल्याकडे सोपे आहे, कारण त्यासाठी एक वाक्य कायम तयार असते. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य शाळेच्या भिंतीवर, अभ्यासिकेच्या दारावर आणि निरोपसमारंभाच्या भाषणात सारख्याच सहजतेने येते. अडचण एवढीच की, ते उच्चारणारा बहुधा जिना चढून वर पोहोचलेला असतो. ज्याला दुसरी पायरीही अपयशाचीच लागली आणि तिसरीही, त्याने त्या जिन्याविषयी काय मत करून घ्यावे, याबद्दल हे वाक्य मौन पाळते.

या मौनाला एक उत्तर कार्टूनमधल्या संशोधकाने दिले आहे असे मला वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर कार्टूनचा विषय काढणे काहींना थिल्लर वाटेल. परंतु ज्या पात्रांच्या सहवासात आपल्या विद्यार्थ्यांचे बालपण गेले, त्या पात्रांचे वाचन करायचे नाही असे ठरवले, तर संस्कार कोठून होतात यावर बोलण्याचा अधिकारही सोडावा लागेल.

कार्ल बार्क्स या चित्रकाराने 1952 साली डिस्नेच्या बदकांच्या चित्रकथांत जायरो गिअरलूज हा संशोधक आणला. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर हिंदीतून 'डक टेल्स' पाहणाऱ्या पिढीला तो आठवत असेल. आजच्या मुलांना त्याच्या जागी 'मोटू पतलू'मधला डॉ. झटका परिचित आहे. 'लोटपोट' या हिंदी नियतकालिकातल्या या जोडीची कार्टून मालिका 2012 साली सुरू झाली आणि आमच्या दौंडसारख्या तालुक्याच्या गावांतही घरोघरी पोहोचली. तिकडे इंग्लंडात निक पार्क यांनी 1989 पासून मातीच्या बाहुल्यांतून उभा केलेला वॉलेस आहे. सकाळी अंथरुणातून उठवून थेट विजारीत सोडणारे यंत्र त्याने स्वतःसाठी बांधलेले असते.

या तिघांच्या यंत्रांत एक साम्य आहे. ती फसतात, हातून निसटतात, किंवा नको त्याच्या हाती पडतात. गोष्टीच्या अखेरीस गोंधळ निस्तरला जातो आणि पुढच्या भागात संशोधक नवे यंत्र घेऊन तितक्याच उत्साहाने हजर होतो. त्याच्या कपाळावर मागच्या अपयशाची आठी नसते. 'यशाची पायरी' वगैरे विचार त्याच्या मनाला शिवत नाही. त्याला पुन्हा बांधायचे असते, कारण बांधणे हेच त्याचे असणे आहे. हे उत्तर भिंतीवरल्या सुभाषितापेक्षा अधिक प्रामाणिक आहे. यश येईल म्हणून काम करायचे हा एक व्यवहार झाला. हे काम केल्याशिवाय आपण आपण राहत नाही म्हणून करायचे, ही वेगळी गोष्ट झाली. पराभवानंतर माणूस उभा राहतो तो पुष्कळदा या दुसऱ्या बळावर.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट दर लेखात नव्या विषयाला हात घालते, फजिती पदरात पाडून घेते आणि पुढच्या लेखात नव्या उमेदीने उभे राहते. फसलेला बेत त्यांना सुधारत नाही आणि संपवतही नाही. विनोदी लेखमाला आणि कार्टून यांना जोडणारा धागा हाच की, प्रत्येक वेळी पाटी कोरी होते.

कार्टूनचे उत्तर अर्धवट पडते ते याच ठिकाणी. पाटी कोरी कोण करून देतो? कोसळलेल्या भिंतीची दुरुस्ती कोणी केली, वाया गेलेल्या सामानाचे पैसे कोणी भरले, हे आपल्याला दाखवले जात नाही. मात्र 'द राँग ट्राउझर्स' या 1993 च्या लघुपटात निक पार्क यांनी ही बाजू थोडीशी उघडी केली आहे. वॉलेसकडे पैशांची चणचण आहे, म्हणून तो घरात भाडेकरू ठेवतो, आणि त्यापायी त्याच्या इमानी कुत्र्याला, ग्रॉमिटला, स्वतःची खोली सोडावी लागते. प्रयोगाची किंमत घरातला दुसराच कोणीतरी मोजतो आहे. शेवटी तो भाडेकरू चोर निघतो. घरातल्या खेळण्याच्या आगगाडीवरून पाठलाग सुरू होतो आणि रूळ संपतात. तेव्हा ग्रॉमिट गाडीच्या पुढच्या टोकाला बसून, हातातल्या खोक्यातून एकेक तुकडा काढून धावत्या गाडीपुढे रूळ टाकत जातो. हे दृश्य पाहताना आपण खूप हसतो. परंतु दौंडसारख्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्याला त्याचा अर्थ लवकर कळतो. इंजिनात कितीही जोर असला, तरी पुढे रूळ नसतील तर तो जोर गाडीला खड्ड्यातच नेतो.

चिकाटीविषयी माझे म्हणणे एवढेच आहे. पडून पुन्हा उठणे हा एकट्या माणसाचा गुण म्हणून आपण गौरवतो. वस्तुतः तो पुष्कळदा दोन किंवा अधिक माणसांमधला व्यवहार असतो. एक जण गाडी चालवतो आणि दुसरा रूळ टाकतो. आपल्या गौरवग्रंथांत आणि यशोगाथांत पहिल्याचे नाव राहते. दुसऱ्याचे नाव हिशेबात धरल्याशिवाय कोणालाही चिकाटीचा उपदेश करू नये.

महाराष्ट्रात याचे सर्वांत लख्ख उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. परेश मोकाशी यांच्या 2009 सालच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाने फाळक्यांना जवळजवळ कार्टूनमधल्या संशोधकाच्याच रूपात उभे केले. जादूचे प्रयोग करणारा, घरातले सामान विकून टाकणारा, स्वतःच्या तंद्रीत वावरणारा हा गृहस्थ इतका विक्षिप्त दिसतो की, त्याला वेड्यांच्या इस्पितळात दाखवण्यापर्यंत आप्तेष्टांची मजल जाते. आणि तो मात्र प्रसन्नपणे पुढच्या उद्योगाला लागतो. दिग्दर्शकाने हा सूर जाणीवपूर्वक निवडला असावा, कारण थोर पुरुषांच्या चरित्रपटांना लागणारी उदबत्ती त्याने पेटवलीच नाही. गंमत अशी की, ज्याला असे कार्टूनसारखे रंगवले, तो फाळके आपल्याकडच्या सचेतनपटांचाही आद्य प्रयोगकर्ता होता. आगकाड्या पडद्यावर हलवून दाखवणारा एक लघुपट त्यांनी केला होता.

पण प्रत्यक्ष फाळक्यांचा हिशेब पाहिला तर कार्टूनपासून त्यांचे वेगळेपण दिसते. 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय. तेथे प्लेगच्या काळात पहिली पत्नी आणि मूल गमावले. पुरातत्त्व खात्यातली नोकरी केली आणि सोडली. छापखाना काढला, 1909 साली त्यासाठी जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर त्यातूनही बाहेर पडले. चाळिशीच्या उंबरठ्यावर, पदरी लहान मुले असताना, 1911 च्या सुमारास ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांनी पुढचा ध्यास घेतला. हा सारा प्रवास 'नोकरी-धंद्यात स्थिर न होणारा माणूस' या एका ओळीत बसवता येतो, आणि त्या काळच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तो तसाच बसवला असणार.

येथे दोन गोष्टी नजरेत भराव्यात. पहिली अशी की, फाळक्यांची पाटी कधीच कोरी झाली नाही. प्रत्येक मोडलेल्या धंद्याने त्यांच्या हाती एकेक हत्यार ठेवले. छायाचित्रणाने प्रकाश शिकवला, छापखान्याने रसायने आणि यंत्रे शिकवली, जादूच्या प्रयोगांनी प्रेक्षकाची नजर कोठे ठेवायची हे शिकवले. चित्रपट काढताना ही सर्व शिदोरी उपयोगी पडली. जायरो विसरतो म्हणून उभा राहतो. फाळके विसरले नाहीत म्हणून उभे राहू शकले. विद्यार्थ्यांना शिकवायचाच असेल तर हा फरक शिकवावा.

दुसरी गोष्ट रुळांची. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि त्या पैशावर फाळके 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. परत आल्यावर भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतले वाटाण्याचे रोप दिवसेंदिवस चित्रित करून अंकुराची वाढ दाखवणारा लहानसा चित्रपट केला. मोठा डाव मांडण्याआधी छोटा पुरावा हाती ठेवण्याची ही शहाणी रीत होती. तिला वेड म्हणता येणार नाही. आणि सरस्वतीबाई? त्यांनी दागिने दिले, हे आपण चरित्रात वाचतो आणि 'थोर पतिव्रता' असा शेरा मारून पुढे जातो. पण त्यांनी केवळ दागिने दिले नाहीत. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, आणि एवढे झाल्यावर साऱ्या चमूचा स्वयंपाक, हे सर्व त्यांनी केले. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला तो दोघांच्या श्रमातून. आज पुरस्कार दादासाहेबांच्या नावे आहे. तो असावाच. परंतु मराठीच्या वर्गात या कथेतून चिकाटीचा पाठ द्यायचा असेल, तर खोक्यातून रूळ काढून टाकणारे हात कोणाचे होते हे सांगितल्याखेरीज तो पाठ खोटा ठरतो.

मोकाशींचा चित्रपट यशाच्या टप्प्यावर थांबतो. कलाकृतीला तसे थांबण्याचा हक्क आहे. आयुष्य तेथे थांबले नाही. 1918 साली भागीदारांसह स्थापलेल्या हिंदुस्थान कंपनीत त्यांचे पटले नाही. ते राजीनामा देऊन काशीला गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, आणि काही काळाने परतले. दरम्यान काळ बदलला, चित्रपट बोलू लागला. 1937 चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला ते वारले तेव्हा त्यांनी सुरू केलेला उद्योग त्यांच्यावाचून भरभराटीला आला होता. या उत्तरार्धात त्यांची जिद्द कमी पडली असे म्हणण्यास मी धजणार नाही. माणूस तोच होता, पुढचे रूळ उरले नव्हते. ज्यांना जिद्द हाच एकमेव निकष वाटतो, त्यांनी या उत्तरार्धाचा विचार करावा.

रूळ घरातल्यांनीच टाकले पाहिजेत असे मात्र नाही. 'भारताचे एडिसन' म्हणून ओळखले गेलेले शंकर आबाजी भिसे मुंबईहून लंडनला आणि पुढे न्यूयॉर्कला गेले. अक्षरे ओतण्याच्या यंत्राने त्यांचे नाव झाले. त्यांच्या पाठीशी दादाभाई नौरोजी होते, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी भांडवल दिले. ही व्यवस्था पहिल्या महायुद्धाच्या काळात मोडली, तरी भिसे अमेरिकेत नवे संशोधन करत राहिले. येथे रूळ टाकणारे सार्वजनिक जीवनातले लोक होते. एका संशोधकाचे अपयश ही त्याची खासगी फजिती आहे असे त्यांनी मानले नाही.

याहून जवळचे उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. दौंडहून पुण्याकडे जाताना केडगाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी पंडिता रमाबाईंनी तेथे मुक्तिसदन उभारले. ज्यांच्यापुढे रूळ टाकायला घरचे कोणीच उरले नव्हते, अशा स्त्रियांना तेथे अक्षरओळख मिळाली, विणकाम मिळाले, छापखान्यातले काम मिळाले. स्वतः रमाबाईंचे आयुष्य मृत्यूंनी आणि टीकेने भरलेले होते. त्यांनी या स्त्रियांना 'खचू नका' असे सांगून मोकळ्या वाटेवर सोडले नाही. त्यांनी विहिरी, शेती, शाळा आणि यंत्रे यांची सोय केली. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, चिकाटीला संस्थेचा आधार देणे म्हणजे काय हे पाहायला आमच्या विद्यार्थ्यांना पॅसेंजरचे तिकीट पुरेसे आहे.

आता वर्तमानाकडे. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, क्रमांक 5 आणि 7. रेल्वे आहे. शेजारी कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. वर्दी आणि सरकारी नोकरी येथल्या मुलांना रोज डोळ्यांपुढे दिसते. पहाटे मैदानावर धावणारी मुले दिसतात, रात्री अभ्यासिकेचे दिवे दिसतात. भरतीचा तिसरा प्रयत्न, स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्न हे शब्द आमच्या वर्गांत हजेरीइतके परिचित झाले आहेत. या मुलांना व्याख्याते येऊन सांगतात की, सोडू नका, पुन्हा उठा. टाळ्या पडतात. व्याख्यात्याचे मानधन त्याच दिवशी चुकते होते. चौथ्या प्रयत्नाची किंमत मात्र कोणाच्या तरी घरी वर्षभर चुकवली जात असते.

ती कोण चुकवतो हे पाहण्यासाठी फार शोधावे लागत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने महाविद्यालय सोडण्याचा अर्ज आणला होता. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' एवढाच शब्द. विचारल्यावर कळले की मोठा भाऊ पुण्यात खोली घेऊन अभ्यास करतो आहे, यंदाचा त्याचा प्रयत्न शेवटचा असे घरात ठरले आहे, आणि दोघांचा खर्च एका उसाच्या बिलात बसत नाही. भावाला कोणी दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. तो मेहनती होता. पण त्याच्या चिकाटीचे जे कौतुक गावात चालले होते, त्यात या बहिणीच्या अर्जाचा उल्लेख कोठेही नव्हता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. असा हिशेब मांडत बसले तर कोणी स्वप्न पाहीलच कसे? फाळक्यांना कोणी रूळ मोजायला लावले असते तर 'राजा हरिश्चंद्र' झाला असता का? माझे उत्तर असे की, फाळक्यांनी ते मोजले होते. वाटाण्याच्या रोपाचा चित्रपट ही मोजणीच होती. सरस्वतीबाईंचा होकारही मोजून दिलेला होता. काय पणाला लागते आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या स्वतः कामात उतरल्या होत्या. न विचारता घेतलेला त्याग आणि जाणून दिलेली साथ यांत अंतर आहे. स्वप्न पाहू नये असे मी म्हणत नाही. स्वप्नाच्या खर्चाच्या वहीत सर्वांची नावे लिहावीत असे म्हणतो.

शिवाय थांबणे आणि हरणे यांतला फरकही आपण शिकवत नाही. मनमाड-नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना दौंड स्थानकात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. आता बाहेरून जाणारा जोडमार्ग झाल्याने अनेक गाड्यांचा हा खोळंबा टळला आहे. परंतु इतकी वर्षे त्या गाड्या येथे थांबल्या आणि उलट्या दिशेने निघाल्या, म्हणून कोणी त्यांना अपयशी म्हटले नाही. त्या पुण्यालाच चालल्या होत्या. छापखाना सोडणाऱ्या फाळक्यांना त्या वर्षी कोणी चिकाटीचे प्रशस्तिपत्र दिले नसते, आणि तरीही तो सोडणे हाच त्यांच्या मार्गाचा भाग होता. चौथ्या प्रयत्नानंतर दुसरे काम हाती घेणाऱ्या मुलाला आपण 'जिद्द सोडलेला' ठरवतो, तेव्हा आपण जिद्दीचा अर्थ एका परीक्षेपुरता आकुंचित करतो.

म्हणून मराठी शिकवणाऱ्या आपणा सर्वांपुढे एक सूचना ठेवतो. चरित्र, आत्मचरित्र, चरित्रपट, अगदी कार्टूनही, अपयशाची कोणतीही कथा वर्गात वाचायला घेतली की, एक तास नायकाला बाजूला ठेवावा. ही कथा रूळ टाकणाऱ्याच्या बाजूने लिहून आणा, असे विद्यार्थ्यांना सांगावे. ग्रॉमिटने लिहिलेली रोजनिशी, सरस्वतीबाईंनी मांडलेला घरखर्च, टाटांच्या कारभाऱ्याने भिसे यांच्या यंत्राविषयी दिलेला जबाब. हा केवळ भाषेचा सराव नाही. अशा लेखनातून विद्यार्थी आपल्या घराकडे नव्याने पाहू लागेल अशी माझी अपेक्षा आहे. आपल्यापुढे रूळ कोण टाकते आहे, त्या खोक्यात अजून किती तुकडे शिल्लक आहेत, आणि आपण कधी कोणासाठी ते टाकले आहेत का, हे तीन प्रश्न त्याला पडले तरी पुरे.

ज्या मुलीने अर्ज आणला होता तिला शिष्यवृत्तीच्या तरतुदी दाखवता आल्या, शुल्काचे हप्ते पाडून घेता आले. अर्ज मागे घेतला गेला. यात कोणाचाही पराक्रम नव्हता. नियमांच्या पुस्तकात ते सारे आधीपासून होते. ते पुस्तक उघडून मुलीपुढे ठेवणे, हे चिकाटीवरच्या व्याख्यानापेक्षा शिक्षकाच्या आवाक्यातले आणि अधिक निकडीचे काम आहे.